बाराव्याक खाजें

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मिळून आमच्या साडूंएवढा उपकारी माणूस झाला नाही, आणि त्यांच्या उपकारांतून सुखरूप सुटलेला माणूसही मला अजून भेटायचा आहे. मी तर त्यातून अजिबात सुटलो नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्यानं थोरले, त्यामुळे त्यांनी काहीही केलं तरी त्यांना 'तुम्ही' म्हणायचं, आधी चहाचा कोप त्यांच्या हातात द्यायचा, आणि शिव्या द्यायच्याच असतील तर त्या ते गेल्यावर न्हाणीघरात जाऊन द्यायच्या. मी बरीच वर्षं तसंच करत आलो. त्यांचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांनी सगळ्यात आधी विचारलं असतं, "हें इंटरनेटार घाल्लां मरे? मगीर कितव्या पानार येता?"

साडू डिचोलीचे. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांचा स्वतःचा टिप्पर होता. खाणी बंद पडल्या, टिप्पर अंगणात उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्या दिवसांत कुणी दारूला लागलं, कुणी काजूची कलमं लावली. साडू कॉम्प्युटरच्या क्लासला गेले. मुलीच्या वयाच्या पोरींच्या रांगेत, मांडीवर टोपी ठेवून, हा माणूस वेबसाइट करायला शिकला आणि बाहेर पडला तो एक सिद्धांत घेऊनच. "लोक आतां रस्त्यान येनात. सोदून येतात." शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी बोर्ड लावला: वेबसाइट करून मिळेल, पहिल्या पानावर आणून देऊ. म्हणजे इंटरनेटवर कुणी काही शोधलं की जी नावांची पानं निघतात, त्यांतल्या पहिल्या पानावर तुमचं दुकान दिसेल. दुसऱ्या पानावर गेलेल्या माणसाबद्दल ते आजारी माणसाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलत.

एकदा हे डोक्यात बसल्यावर या गृहस्थांना जगात दुसरं काही दिसेना. माणूस भेटला की तब्येत, पाऊसपाणी, मुलंबाळं काही नाही, थेट "तुजें कितवें पान?" एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी बसले होते. एक हात भातात, दुसऱ्या हातात फोन. आचाऱ्याचं नाव शोधलं तर ते पार मागल्या कुठल्याशा पानावर निघालं. झालं! साडू उठून स्वयंपाकात गेले आणि कढईसमोर घाम पुसत उभ्या असलेल्या त्या बापड्याला वेबसाइटचं महत्त्व सांगत बसले. इकडे सोलकढी न वाढताच पंगत उठली. तेरेखोलला जायच्या फेरीबोटीवर तर त्यांनी बोट चालवणाऱ्यालाच गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "बाब, ह्या पाण्यार हांव एकटोच. पयल्या पानार आनी कोण येतलो?" साडू पलीकडच्या काठापर्यंत गप्प होते. माझ्या माहितीत त्यांना गप्प केलेला तो एकमेव माणूस. मी त्याला तिथंच उभ्या उभ्या खाजं दिलं.

खाजं हा आमचा धंदा. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, त्यांना गूळ-आल्याचा पाक आणि वर तीळ. आजोबांपासून आमचं दुकान पेडण्यातल्या हमरस्त्याला, वडाला लागून. सावंतवाडीकडून येणारी बस समोर थांबे, आणि खिडकीतून हात बाहेर येत. मग रस्ता रुंद झाला. नुसता रुंद झाला असता तरी मी काही बोललो नसतो. तो उचलला गेला. आमच्या डोक्यावरून पूल गेला आणि बस, मोटारी, मुंबईचे पाहुणे सगळे वरून जाऊ लागले. आम्ही खाली. दिवसभर वरून गडगड ऐकायची आणि खाली माशा मारायच्या. पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाला न विचारता रस्ताच वर नेऊन ठेवायचा, याला काय म्हणायचं? माझ्या तोंडात जो शब्द येतो तो इथं छापता येणार नाही. बायको तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पॅकिंगला बाया घेतात का, याची चौकशी करून आली. ज्या हातानं पाकाची तार पारखायची त्या हातानं खोक्यांना पट्ट्या लावायच्या. जत्रांचा हंगाम येईपर्यंत वाट बघू, नाहीतर काहील विकून दुकान बंद करू, असं आमचं ठरलं.

ही बातमी डिचोलीला गेली आणि साडू स्कूटर मारत आले. "भिऊं नाका. हांव तुमकां वयर काडटां." मला वाटलं पुलावर काढणार. एका अर्थानं तसंच झालं. इंटरनेटच्या नकाशावर दुकानाची खूण करायची होती, खाली पुलाच्या आडोशाला फोनची रेंज मिळेना, म्हणून हे महाशय वर पुलावर गेले आणि जिथं रेंज मिळाली तिथंच खूण करून मोकळे झाले. पुढं कितीतरी दिवस परराज्यातले लोक भर पुलावर गाडी थांबवत आणि फोन करत, "भैया, मॅप बोल रहा है पहुँच गए. दुकान कहाँ है?" मी खालून धोतराचं फडकं हलवून सांगायचो, "नीचे, नीचे!" ते कठड्यावरून वाकून बघत, मी वर बघे, आणि मागून ट्रकवाले भोंगे वाजवत. खाजं एकालाही मिळालं नाही.

मग त्यांनी नातेवाइकांना कामाला लावलं. प्रत्येकानं दुकानाला पाच तारे द्यायचे आणि दोन बरे शब्द लिहायचे. आमच्या माणसांना लिहायला सांगणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक होतं, साडूंना नव्हतं. बायकोच्या मयेच्या मावशीनं लिहिलं, "खाजें बरें. पूण धाकट्याच्या मुंजीक आमकां फोनार आपयलें." आणि घरी येऊन आमंत्रण दिलं नाही म्हणून दोन तारे कापले. सगळ्या जगाला वाचता येईल असं! आणखी एकानं लिहिलं, "मालक तोंडार हांसना." हे कुणी लिहिलं ते मी ओळखलं आहे. तो दुकानात आला की मी अजूनही हसत नाही.

पण हे सगळं परवडलं, असं म्हणायची पाळी त्यांनी केलेल्या दुकानाच्या वेबसाइटवरच्या मजकुरानं आणली. साडूंचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं, बारा गावच्या देवांची, वाटांची, शिवांची नावं घ्यायची, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यात एकही नाव सुटता कामा नये, सुटलं तर त्याचा कोप. साडू हे ऐकत वाढलेले. वेबसाइटवर शब्द वेचत फिरणारं ते शोधायचं यंत्र त्यांना शिकवणाऱ्यानं काय समजावलं असेल ते असो, साडूंना ते गावच्या देवचारासारखं, शिवेवर फिरणाऱ्या राखणदारासारखं वाटलं. "तो रातदीस शीम सोदीत भोंवता. ताका दरेक गांवाचें नांव कानार घालूंक जाय." म्हणून त्यांनी आमच्या वेबसाइटवर गाऱ्हाणं घातलं! दुकानात उभे राहून, टोपी घालून, वाचूनही दाखवलं. "पेडण्यांत खाजें, डिचोलींत खाजें, तुयें खाजें, मयें खाजें, तेरेखोल खाजें, पार्सें खाजें, कोरगांव खाजें, मांद्रें खाजें, साळ खाजें, मेणकुरें खाजें..." आमची बायको काहिलीपाशी होती. सवयीनं तिच्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं. साडूंना चेव आला. "लग्नाक खाजें, बारशाक खाजें, जत्रेक खाजें, बाराव्याक खाजें..."

बायको भानावर आली. "भावोजी, बाराव्याक खाजें कोण खाता?"

"कोण सोदीत आयलो जाल्यार?" साडू म्हणाले. "गाराण्यांत कोणाक सोडपाचो न्हय."

तेवढ्यावर भागलं नाही. हीच सगळी नावं त्यांनी खाली परत घातली, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. "मनशाक दिसना, यंत्राक दिसता." मी म्हटलं, साडूभाऊ, गिऱ्हाइकाला न दिसणारं लिहून गिऱ्हाईक कसं येणार? त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेनं बघितलं की मी न्हाणीघर गाठलं.

आणि सांगताना जिवावर येतं, पण आम्ही वर आलो. पहिल्या पानावर! गोव्यातलं खाजं म्हणून शोधलं की आमचं दुकान. फोन वाजू लागले, बायकोनं तुयेच्या कारखान्याचं नाव काढणं सोडलं, साडू आले की मी चहाबरोबर पोदेराचे गरम पाव आणू लागलो. मग एका सकाळी आम्ही नाहीसे झालो. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, साडूंचा अंगठा दुखेपर्यंत पानं उलटली, कुठंच नाही. चौकशीअंती कळलं की त्या यंत्राचे नियम बदलले होते. तोच शब्द पुन्हा पुन्हा घेणाऱ्याला आणि लपवून लिहिणाऱ्याला ते आता लबाड समजत होतं आणि उचलून खाली टाकत होतं. साडूंचा चेहरा पाहवेना. "देवाक शंबर फावट सांगलें जाल्यार देव कोणाक फटींग म्हणना," ते म्हणाले. मला मात्र दोघांचाही राग आला होता. यंत्राचा आला, कारण ज्या माणसानं आयुष्यात कुणाला वजनात फसवलं नाही त्याला त्यानं परस्पर लबाड ठरवलं होतं. साडूंचा आला, कारण जत्रा तोंडावर होत्या आणि फोन पुन्हा मुके झाले होते. बायको हळूच म्हणाली, "भावोजींक कांय म्हणूं नाकात." आणि दुसऱ्या दिवशी तुयेला कधी जायचं ते ठरवायला बसली.

साडू काही दिवस दिसलेच नाहीत. रुसले असतील, मी म्हटलं. रुसू देत, मी काय कमी रुसलो होतो? मग एक दिवस सकाळी स्कूटर थांबली. मागे दोन बाजूंना दोन पत्र्याचे डबे बांधलेले.

"खाजें भर," साडू म्हणाले.

"खंय व्हरतात?"

"गाराण्यांत जितल्या गांवांचीं नांवां घेतल्यात, तितल्याय गांवांनी. नांव घेतलें, मगीर वचूंक नाका?"

आणि तो माणूस खरंच गेला. तुये, तिथून थेट मये, उलटा फिरून पाणी ओलांडून तेरेखोल, मग पार्से, कोरगाव, मांद्रे, साळ, मेणकुरे. वेबसाइटवर ज्या क्रमानं नावं लिहिली होती त्याच क्रमानं गेला, जवळचं गाव आधी घ्यावं एवढंही त्याला सुचवून पटेना. जत्रेत फाटक्या ताडपत्रीखाली बसला, बाजाराच्या दिवशी मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभा राहिला, आणि खाणाऱ्या प्रत्येकाला हातानं हवेत पूल काढून दाखवला: वरून नव्हे, पुलाखालून, वडाला लागून. घरी परतला की अंगाला गुळाचा वास आणि पाठीचा कणा मोडलेला. मी म्हटलं, तुमचं वय काय, करता काय! तर म्हणाले, "म्हजें कांय ना रे. काहील विकपाची न्हय." हे त्यांना कुणी सांगितलं होतं, ते मी बायकोला अजून विचारलेलं नाही.

काहील विकली नाही. गावोगावच्या ऑर्डरी येऊ लागल्या, लोक पुलाखाली उतरायची वाट शिकले, बायको तुयेला गेली नाही. पुढं पुढं लोक आमच्या दुकानाचं नाव घेऊनच इंटरनेटवर शोधू लागले, त्यामुळे ते यंत्रही नमलं आणि आम्हाला परत पहिल्या पानावर घेतलं. साडूंनी मात्र याचं सगळं श्रेय वेबसाइटला दिलं. "पळय, वेळ लागता, पूण वयर येता." मी वाद घातला नाही. त्यांच्याशी वाद घालून काही मिळालंय असं मला तरी आठवत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर साडू गेले. काही त्रास नाही, कुणाला बोलावणं नाही; सकाळी चहा घेतला आणि खुर्चीत मान टाकली. एवढ्या उठाठेवी करणाऱ्या माणसानं जाताना मात्र कुणाला काही करू दिलं नाही, याचाही मला रागच येतो. बाराव्याच्या आदल्या दिवशी मेव्हणीचा फोन आला. "मातशें खाजें हाडात," थोडं खाजं घेऊन या, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आमच्या बायकोनं काहील चढवली. पाक ढवळताना ती रडत होती आणि मी तिला आल्याच्या वाफेनं डोळे झोंबतायत का असं विचारत होतो.

डिचोलीला पोचलो तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तुये, मये, कोरगाव, मेणकुरे, गाऱ्हाण्यातली सगळी गावं आली होती. लग्नातला तो आचारीही आला होता, आणि जेवण त्यानंच केलं होतं. टिप्पर अजून कोपऱ्यात उभाच होता. मी पानापानावर खाजं वाढत फिरलो, आणि बाराव्याला खाजं कसं, असं कुणीही विचारलं नाही. शेवटी तेरेखोलच्या फेरीबोटवाल्यापाशी आलो. त्यानं खाजं हातात घेतलं आणि विचारलं, "बाब, तांचें कितवें पान?"

मी फोन काढला. साडूंचं नाव घातलं. काही नाही. गाव घालून पाहिलं, धंदा घालून पाहिलं. साऱ्या तालुक्यांना वर काढणाऱ्या या माणसानं स्वतःसाठी एक ओळ घातली नव्हती. कुठल्याच पानावर नव्हते आमचे साडू.

"पयलें," मी म्हटलं, आणि फोन खिशात घातला.