नाणं न ठेवलेली धार

ग्राइंडरवर पोलाद घासलं, की त्या जळक्या वासाने मला कुवेतची आइस रिंक आठवते. वीस वर्षांपूर्वी तिथे स्केट्सना धार लावायचं काम माझं होतं. धार झाली की पात्यावर नाणं आडवं ठेवून दोन्ही कडा समान आहेत ना, हे बघायचं असतं. एके दिवशी यूसुफच्या स्केट्सना धार लावताना घाईत मी ते बघितलं नाही. यूसुफ, आमच्या रिंकच्या संघाचा पगारी आइस हॉकी खेळाडू, त्याच दिवशी वळताना आपटला. गुडघा गेला, खेळ कायमचा सुटला. नाणं ठेवलं नव्हतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

परवा तो कुवेतच्याच अबू हलीफा भागात भेटला, तेव्हा एकदाचं सगळं बोलून टाकलं. तो हसतच सुटला.

"अरे सदा, त्या दिवशी मी जुनेच स्केट्स घातले होते. तू धार लावलेले बॅगेत होते!"

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

आज ग्राइंडरचा तोच वास मी छातीभर घेतला.