शेजारच्या काकूंचा नाताळ

शेजारच्या काकू मूळच्या नगरच्या. प्रत्येक शब्द दोनदा बोलायची त्यांना सवय. ऑकलंडच्या डिसेंबरात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, घाम पुसत, त्यांनी नाताळच्या घरच्या जेवणासाठी करंज्या तळल्या. ऐनवेळी त्यांची लेक म्हणाली, "मम, इट्स टू हॉट! बीचवरच जेवू या."

"जाऊ, जाऊ," एवढंच म्हणून काकू करंज्यांचा डबा घेऊन गाडीत बसल्या. मलाही सोबत नेलं.

किनाऱ्यावर पोचताच जॅण्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून त्या साडीसकट गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. हाका मारल्या तरी वळेनात. चिडल्या होत्या की रडत होत्या, मला काहीच कळेना. मी गोंधळून त्यांच्यामागे त्या थंडगार पाण्यात शिरले.

कुडकुडत, डोळे मिटून त्या म्हणाल्या, "अगं, अगं, आमच्याकडे नाताळात पहाटे अशीच, अशीच थंडी असायची."