खिशातलं बोट

मतदानाची शाई बोटाला लागली की मला आमच्या जाम गावच्या नाक्यावरचा ढाबा आठवतो. तो एका सरदारजींचा होता. बाबा शिक्षक होते; शाळा सुटली की रोज तिथे थांबत. घट्ट दुधाचा, वेलदोड्याचा चहा पीत. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत रेडिओवर रोज पंजाबातल्या बातम्या येत: बॉम्ब, बसमधून उतरवून मारलेले प्रवासी. आमच्याकडे फटाक्यांशिवाय काही फुटलं नव्हतं, तरी बाबा दाराला दुहेरी कडी लावू लागले. निवडणुकीच्या सभेत एका उमेदवाराने विचारलं, "तुमच्या नाक्यावर कोण बसून राह्यलं, मालूम हाये का?" बाबांनी आयुष्यभराचा पक्ष सोडून त्याला मत दिलं. परतताना मी सोबत होते. सरदारजींनी हाक मारली, "काऊन गुरुजी, मत देऊन चाय इसरले का?" बाबांनी शाईचं बोट खिशात लपवलं. "घाई हाये," ते म्हणाले. घाई कसलीच नव्हती. त्यानंतर बाबा रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात, आणि वर्षभरात ढाबा बंद झाला. आता बाबाही नाहीत. काल मी टीव्हीवरच्या स्फोटाच्या बातम्या पाहून मतदानाला गेले, आणि घरी पोचेपर्यंत माझा हात पदराखालीच होता.