घोड नदीवर जायचा बेत

चार वर्षं मी एकाच बेतावर बसलो आहे: मामांना घेऊन घोड नदीवर मासे धरायला जायचं. मामांचं गाव आंबेगाव तालुक्यात, धरणाच्या खालच्या अंगाला. मी जुन्नरला राहतो. मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता. त्याला चार वर्षं लागत नाहीत.

पिसाच्या माशीने मासे धरायला मी पन्नाशीच्या तोंडावर शिकलो. गळावर कोंबड्याचं पीस दोऱ्याने बांधायचं, म्हणजे माशाला तो पाण्यावर उतरलेला किडा वाटतो. लागलेला मासा ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडायचा. मामांना पहिल्यांदा त्या माश्यांची डबी दाखवली, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "पावणं, कोंबडा बी गेला आन मासा बी गेला. मंग जेवायचं काय?" मामी पदर तोंडाला लावून हसत राहिली.

नदीचं वर्ष मी पाठ केलं होतं. आषाढात मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा जायचंच नाही. पुढे दोन महिने पाणी गढूळ. दिवाळीच्या सुमाराला बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे लोखंडी फळ्या, बसवतात आणि डोह भरतो. थंडीत मासा तळाला जाऊन बसतो. खरा काळ होळीनंतरचा. कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडणं, संपलेलं असावं, पाणी निवळलेलं असावं आणि संध्याकाळी किडे उतरावेत.

पण एका वर्षी आवर्तन लांबलं, दुसऱ्या वर्षी ढापे लवकर निघाले, तिसऱ्या वर्षी माझी पाठ धरली. कारणं खोटी नव्हती. पण दरवेळी बेत मोडला की मला सुटल्यासारखं वाटायचं.

मी एकोणीस वर्षांचा असताना मामांच्या विहिरीचं काम चाललं होतं. सुरुंगाच्या सामानातून मी जिलेटिनची एक कांडी उचलली. मामा बाजाराला गेले होते. भर दुपारी दोन मित्रांबरोबर मी तिची वात पेटवून ती डोहात टाकली. पाणी दबक्या आवाजात फुगलं आणि मासे पोट वर करून येऊ लागले. त्यांत हाताएवढे लांब, रुपयाएवढ्या खवल्यांचे खडस होते. आम्ही एक पोतं भरलं. उरलेले मासे पुढचे तीन दिवस फुगून वर येत होते.

मामा रोज त्या डोहावर गळ टाकून बसायचे. पुढचा महिनाभरही बसले. मग त्यांनी गळ आढ्याला खोचला तो कायमचा. "नव्या धरणानं मासं खाल्लं," असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि मी शेजारी बसून मान हलवायचो.

यंदा मार्चमध्ये त्यांचाच फोन आला. पाणी निवळलंय, येतोस का नाही, म्हणाले. गेलो तर ते टोपी घालून पडवीत तयार बसलेले. माझ्याने गळाची काठी उचलवेना.

"मामा, डोहात कांडी मी टाकली होती," मी म्हणालो. "धरणाचा दोष नव्हता."

तांदूळ निवडता निवडता मामी थांबली. मामांनी एवढंच विचारलं, किती कांड्या. एक, म्हणालो. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"एका कांडीनं नदी मरत न्हाई, राव."

मग ते सावकाश सांगू लागले. पावसाळ्यात ढापे काढले की बंधाऱ्याच्या गाळ्यांतून मासे वर चढतात. त्या गाळ्यांत मामा दरसाल टोपलं लावायचे. मासा जेवढा पोटुशी, तेवढी चव जास्त. गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, अख्ख्या आळीत वाटायची. मीही ती खाल्ली होती, बोटं चाटून.

"तू एक दिवस केलं. मी पंचवीस पावसाळं केलं, आन नाव धरणाचं सांगितलं." मग म्हणाले, "म्हून तुजं माफ झालं आसं समजू नको. लई मोठं मासं व्हतं ते."

माफ झालं असं मी समजलो नाही. अजूनही समजत नाही.

ते उठले, वहाणा घातल्या आणि बंधाऱ्याकडे चालू लागले. मी रिकाम्या हाताने मागोमाग गेलो. बंधाऱ्यावर उभं राहून त्यांनी काठीने मधले दोन गाळे दाखवले. तिथे अजूनही लोक जाळी लावतात. आषाढात चार दिवस आपण दोघांनी इथं बसायचं, कुणाला जाळी लावू द्यायची नाहीत, बोलणं ते करतील, शिव्या मी खायच्या, असं त्यांनी ठरवून टाकलं. गळाचं दिवाळीनंतर बघू, म्हणाले.

ऊन कलत होतं. डोहावर बारीक किडे उतरले आणि पाण्यात ठिकठिकाणी वर्तुळं उमटू लागली. बोटाएवढे मासे होते.

"दिसलं का?" मामा हलकेच म्हणाले. "आवाज करू नको."