पॉन्स क्रांती चौकात असतो

आमच्या नर्सिंग कॉलेजातले किस्से मी मुद्दाम जमवत नाही, ते आपले साचत जातात. प्रॅक्टिकलच्या रजिस्टरमध्ये रोल नंबरांशेजारी मी पेन्सिलीनं एखादं वाक्य टिपून ठेवते, आणि वर्ष संपताना बघावं तर गुण कमी, वाक्यंच जास्त! त्यातही एका धड्याला समास कधीच पुरत नाही. मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेन स्टेम. अंगठ्याएवढा ऐवज, भाग तीन: वर मिडब्रेन, मध्ये पॉन्स, खाली मेड्युला.

यंदा हा धडा मला जड गेला. माझी ओवी अकरा महिन्यांची आहे आणि रडता रडता श्वास धरते. तोंड उघडं, आवाज बंद, ओठ निळे. मग एकदम भोकाड! डॉक्टरांनी सगळं तपासलं, रक्त कमी निघालं म्हणून लोहाचे थेंब दिले आणि म्हणाले, "फार तर क्षणभर शुद्ध जाईल, पण श्वास आपोआप सुरू होतो. श्वास चालवणारी मेड्युला तिचं ऐकत नसते. तुम्ही काय करता?"

"नर्सिंगच्या मुलींना ॲनाटॉमी शिकवते."

"मग त्यांना काय सांगता?"

"हेच. श्वास आपोआप चालतो."

"मग घाबरता कशाला?"

"मुलींना सांगते, सर!"

*

निम्म्या मुली मराठी माध्यमातल्या. त्यांच्या शाळेच्या पुस्तकात मेड्युलाला मस्तिष्कपुच्छ म्हणतात. पहिल्याच तासाला बिडकीनच्या नंदाचा हात वर.

"मॅडम, पुच्छ म्हणजे शेपूटच ना?"

"हो."

"मंग मानसाची शेपटी गेलीच नाय. वर सरकली!"

वर्ग हसला. मी "शांत बसा" म्हणाले आणि तिच्या रोल नंबरशेजारी ते वाक्य टिपलं.

*

पॉन्स म्हटलं की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, ते तोंडाला लावायचं क्रीम?" म्हणून यंदा मी हुशारी केली. पॉन्स म्हणजे लॅटिनमध्ये पूल. म्हटलं, "क्रांती चौकातला उड्डाणपूल डोळ्यांसमोर आणा. मोठ्या मेंदूचे निरोप या पुलावरून लहान मेंदूकडं जातात. शिवाय श्वासाची लय सांभाळणं, चेहऱ्याची हालचाल, चावणं, ही कामंही इथलीच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश.

चाचणीत नंदानं लिहिलं: "पॉन्स हा क्रांती चौकात असतो. तो बिघडल्यास श्वासाची लय बिघडते."

मी अर्धा गुण दिला. प्रिन्सिपल मॅडमनी पेपर बघून विचारलं, "हा अर्धा कुठल्या वाक्याचा?"

म्हटलं, "दुसऱ्याचा. पण मॅडम, संध्याकाळी सहाला तिथं अडकलेला माणूस पहिल्यालाही देईल!"

*

मिडब्रेनचं खातं डोळ्यांचं आणि कानांचं. उजेड पडला की बाहुली आकसते, आवाज आला की मान तिकडं वळते. वर्गात दाखवायला आणलेला छोटा टॉर्च माझ्या पर्समध्येच राहिला आणि मला सवय लागली. सकाळी ओवी जागी झाली की आधी तिच्या बाहुल्या बघायच्या. डावी. उजवी. परत डावी.

सासूबाई खुर्चीत मेथी निवडत होत्या. "काय शोधायलीस गं तिच्या डोळ्यात?"

"काही नाही आई. मिडब्रेन नीट आहे ना, ते बघते."

"तिचा नीट हाय. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. चारी वेळा तिनं मान वळवली, तू एकदा नाय!"

*

आमच्या लॅबमध्ये मेंदूचं प्लॅस्टिकचं मॉडेल आहे, तुकडे सुटे होणारं. ऐन धड्याच्या दिवशी नेमका देठच गायब! दोन दिवस शोधाशोध. शेवटी तो सापडला सांगाड्याच्या कपाटाच्या पायाखाली. तिथं तो बसवला होता शकीलाआपानं. लॅबची सगळी झाडपूस, मांडामांड आपाकडंच.

"आपा, हे काय?"

"कपाट हिलता था ना बाई. इत्ता सा टुकडा, मैं समझी फालतू है."

"फालतू? आपा, श्वास, हृदय, रक्तदाब, सगळं याच्यावरच तर उभं असतं!"

"वइच तो बोल रई मैं! येइच लगाई तबसे कपाट कैसा थम के खडा है!"

*

गेल्या महिन्यात सासूबाई बारशाला दौलताबादला गेल्या, नवरा पहिल्या शिफ्टला, म्हणून ओवी माझ्याबरोबर कॉलेजात. तास मेड्युलाचा. ओवीला चटईवर बसवून मी फळ्यावर लिहीत होते: हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वास, गिळणं, खोकला, उलटी. वळून बघते तर तिच्या हातात मार्करचं टोपण, तोंडाकडं निघालेलं. मी ते झटकन काढून घेतलं.

ती रडली. मग आवाज थांबला. तोंड उघडं, ओठ निळे आणि अंग एकदम ढिलं.

मी तिला उचलून हलवायला निघाले, तेवढ्यात नंदानं माझं मनगट धरलं.

"मॅडम, हलवू नका. टोपण कुठंय?"

मी मूठ उघडून दाखवली.

"मंग तोंडात काय नाय. खाली ठिवा, कुशीवर." तिनंच ओवीला माझ्या हातातून घेऊन चटईवर निजवलं, ओठांजवळ वाकून बघितलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोठ्यानं मोजायला लागली. "सात... आठ... नऊ..." मी ओवीच्या ओठांकडं बघत होते. "सोळा... सतरा..."

एकोणिसाव्याला ओवीनं श्वास ओढला आणि असं भोकाड पसरलं की प्रिन्सिपल मॅडम केबिनमधून बाहेर आल्या.

नंदानं तिला माझ्या मांडीवर दिलं. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पुन्हा घड्याळाकडं.

"मॅडम, तिनं श्वास घेतला. आता तुम्ही घ्या."