अक्रोडाचा दस्ता

दुपारचं जेवण आटोपून मी आडवी होते. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो. डोळे मिटलेत, तरी खिडकीतलं ऊन पापण्यांतून लालसर दिसतंय. सकाळचं बोलणं डोक्यात घोळतंय. गावातल्या शहीद स्मारकाची खोली बांधून झाली आहे. तिथे ठेवायला फौजेकडून एक जुनी थ्री नॉट थ्री रायफल आली आहे, नळी कायमची बुजवलेली. ती माझ्या भावाच्या, संपतच्या फोटोखाली टांगू का, असं सरपंच मंदाकिनीताई विचारून गेल्या. आमच्या घरातली आता मीच एकटी उरले आहे, म्हणून मला विचारलं. संध्याकाळी सांगते म्हटलं मी. संपत सीमेवर गोळी लागून गेला. लग्न ठरलं होतं त्याचं.

लाल ऊन विझत जातं. स्वयंपाकघरात कुणीतरी खाकरतं.

आबांचं खाकरणं. माझे वडील जाऊन कितीतरी वर्षं झालीत, हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि तरी मी नुसती उठून आत जाते.

आबा जमिनीवर मांडी घालून बसलेत. पुढे गोणपाट अंथरलंय, त्यावर रायफल सुटी करून मांडली आहे. आबा पलटणीत आर्मरर होते. जवानांच्या रायफली दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. जुन्या रायफलींवर त्यांचा फार जीव. सुट्टीवर आले की जेवताना त्यांच्याबद्दल असं बोलत, जसं दुसरं कुणी जातिवंत खोंडाबद्दल बोलेल. संपत गेल्यावर ते बोलणं बंद झालं ते कायमचं.

"बस शालन," ते म्हणतात. "हात लाव."

मी लावत नाही. मांडणीवर ताटांच्या जागी रायफली उभ्या आहेत. मांडणी लांबतच जाते. वर पत्रे आहेत, उंच झरोक्यांतून उजेडाचे पट्टे उतरलेत, जमिनीवर लाकडाचा भुसा आहे. हे पलटणीचं वर्कशॉप. मी ते कधीच पाहिलेलं नाही, तरी कोपऱ्यात माझाच गॅस आहे आणि त्यावर चहाचं आधण उकळतंय.

आबा रायफलीचा लाकडी दस्ता उचलून उजेडात धरतात. अक्रोडाचं लाकूड, मधासारखं. त्यातल्या रेषा मुठीच्या जागी वळून पुढे जातात, पाणी दगडाला वळसा घालून जावं तशा. बनवणाऱ्यानं फळी निवडतानाच ते बघितलं असणार, आबा सांगतात. तिथे रेष आडवी गेली असती तर दस्ता मुठीतच मोडला असता. मग ते नळी तिच्या खाचेत ठेवतात. आवाज होत नाही. लाकूड आणि लोखंड असे भेटतात की मध्ये केस शिरणार नाही. खाचेच्या तळावरून ते बोट फिरवतात. हा भाग झाकला जातो, कुणाच्याच नजरेला पडत नाही, तरी गड्यानं तो गालासारखा गुळगुळीत केलाय.

"कोण असंल तो?" आबा हळूच म्हणतात. "नाव न्हाई, गाव न्हाई."

आता आम्ही अक्रोडाच्या झाडाखाली उभे आहोत. डोंगराचा उतार आहे, खाली पांढरी नदी आहे. पानं हलतात, पण वारा लागत नाही. आबांच्या अंगावर गणवेश आहे आणि ते माझ्याहून तरुण दिसतात. इतकी वर्षं न विचारलेलं इथे आपसूक बाहेर पडतं.

"आबा, संपतला ज्या बंदुकीनं मारलं, तीही अशीच सुबक असेल का?"



"असंल," ते म्हणतात. "तीबी कुणीतरी मन लावूनच केली असणार."

"मग तुम्हाला राग नाही आला?"

संपतची बातमी आल्यावरही ते कामावर गेले होते, ते सांगतात. कानस घेऊन एक रायफल बिघडवायला बसले. एक तरी बंदूक कामातून जाऊ दे, असं वाटलं. पण हात ऐकेना. कानस सरळच चालत राहिली. त्या दिवशी त्यांना स्वतःच्याच हातांची भीती वाटली. घरी येऊन आम्हाला काय सांगणार होते ते?

"काम देखणं हाय म्हणून बंदूक चांगली, असं मी कधी म्हटलं न्हाई, पोरी."

मी त्यांचा हात धरते. तो गरम आहे. मग मी विचारते, फोटोखाली टांगू द्यायची का. नदी थांबते. आम्ही पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात बसलो आहोत, आणि रायफल जुळून अखंड झाली आहे.

"भिंतीवर नको," आबा म्हणतात. "लांबून बघितली की नुसती बंदूक दिसती. खाली ठिवा, माणसांच्या हाताशी. उचलू दे त्यांना. किती देखणी हाय ते कळू दे, आन् किती जड हाय तेबी."

ते वाटीतलं जवसाचं तेल माझ्या उजव्या तळव्यावर ओततात आणि माझा हात दस्त्यावर ठेवतात. लाकूड तेल पिऊन गडद होत जातं. मी चोळत राहते. मान वर करते तेव्हा समोर कुणी नसतं. तरी मी चोळत राहते.

फोन वाजतो आहे. मी खाटेवर आहे. पंखा फिरतोय, ऊन भिंतीवर चढलंय. उशाशी ठेवलेला फोन घ्यायला मी उजवा हात पुढे करते आणि तसाच थांबवते. तळवा तेलानं चकाकतोय. रेषांमध्ये बारीक भुसा बसलाय. मी तो नाकाशी नेते. जवस, आणि त्यामागे कच्चं लाकूड.

मी फोन डाव्या हातानं उचलते. मंदाकिनीताई विचारतात, काय ठरलं.

"एक टेबल लागेल," मी म्हणते. "बुटकं. लहान पोरांचाही हात पोचेल असं."