बनियनवरचा बाप

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. ती भिंगरी खरी फिरायची आमच्या मंचरच्या दुकानात, माझा भागीदार मी काढलेलं शूटिंग कापून कॅसेट करायला बसायचा तेव्हा.

लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ हा आमचा धंदा. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. भागीदार जुन्नरचा, मुसलमान घरातला. त्याचे वडील तसबिरींना चौकटी करायचे, त्यामुळे चौकटीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं यावर त्याची मतं ठाम. माझीही ठाम. त्याला कॅसेटमध्ये पंगतीतलं प्रत्येक ताट हवं, नवरीचा चेहरा गरगर फिरणाऱ्या कमळात हवा, मागे हिंदी गाणं हवं. मला यातलं काहीच नको. माणूस बेसावध असतो तेव्हाच खरा दिसतो, बाकी सगळं सोंग, असं मी ज्याला त्याला ऐकवायचो. पहिल्या हंगामात आम्ही इतके भांडलो की शेजारचा चहावाला कप दारातच ठेवून पळायचा.

शेवटी एक नियम केला. ज्यानं शूटिंग केलं, त्यानं कापायला बसायचं नाही. दुसऱ्यानं बसायचं आणि पहिल्यानं आत नाक खुपसायचं नाही. धंदा त्यावर तगला. माझा जीव मात्र वर-खाली. तो आत बसला की मी बाहेर हायवेच्या कडेला. थोडं चालायचं, ट्रक बघायचे, परत दाराशी यायचं, आतून कमळाचं गाणं ऐकू आलं की दात खात माघारी फिरायचं.

डिंगोरे गावातल्या एका लग्नात मी शूटिंगला होतो. अक्षता पडायची वेळ झाली तरी नवरीचा बाप मांडवात दिसेना. शोधत गेलो तर मागे, आचाऱ्याजवळ. स्टेजवर घातलेला सदरा काढून ठेवलेला, अंगात नुसतं बनियन, डोक्याला टॉवेल. घामानं निथळत मोठ्या चुलीत लाकडं सारत होता. वऱ्हाड ठरल्यापेक्षा जास्त आलं होतं आणि भात कमी पडेल या धास्तीनं तो तिथून हलायला तयार नव्हता. मंगलाष्टका सुरू झाल्या. सगळे पुढे धावले. हा हातातलं लाकूड तसंच धरून, मान उंच करून मांडवाकडे बघत राहिला. शेवटच्या 'सावधान'ला त्यानं टॉवेलच्या गाठीतून अक्षता काढल्या आणि भाताच्या पातेल्याकडे पाठ करून मांडवाच्या दिशेनं टाकल्या. मधल्या मोकळ्या जागेतच त्या पडल्या. मी कॅमेरा बंद केला नाही.

भागीदारानं ते सगळं कापलं.

मी नियम मोडून आत घुसलो. "बापच कापलास?"

"बाप हाय की. सदरा-टोपीत स्टेजवर उभा हाय, आहेर घेताना."

"तो पुतळा आहे. बाप मी काढला होता."

त्यानं मशीन थांबवलं. "ही कॅसेट पयली कुठं लागंल? पोरीच्या सासरी. सगळी आळी गोळा व्हईल. सासू म्हणंल, तुझा बाप आचाऱ्याच्या हाताखाली व्हता का गं? तवा खरं काय ते सांगायला तू असशील का तिथं?"

"म्हणून लोकांच्या तोंडासाठी बाप पुसायचा?"

"पोरीला नांदायचंय, राव. तुला न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे त्याचं बोलणं मला झटकता येईना. हायवेवर जाताना मी बरोबर असायचो, परत येताना तो. मुलीच्या सासरहून कॅसेटसाठी निरोपावर निरोप येत होते आणि आमचं घोडं तिथंच अडलेलं. जेवताना भांडण, दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला निघताना भांडण. कॅसेट तशीच पडून.

मग मुलगीच आली. माहेरपणाला आली होती, जाताना कॅसेट घेऊन जाणार होती. थोडी बघायला मागितली. भागीदारानं त्याची कॅसेट लावली. कमळ फिरलं तशी ती खुदकन हसली. आवडलं होतं तिला. मला ते झोंबलं. मग ती बघतच राहिली आणि शेवटी म्हणाली, "आमचं दादा एवढंच?"

दादा म्हणजे तिचे वडील. भागीदारानं माझ्याकडे पाहिलं, स्वतः उठला आणि माझी मूळ टेप लावली. चूल, बनियन, टॉवेल. बाहेरून ट्रक गेला, चित्र थरथरलं. वडलांनी अक्षता टाकल्या तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला.

"मला वाटलं व्हतं, दादांनी अक्षता टाकल्याच न्हाईत," ती म्हणाली. "तेच मनात घेऊन सासरी गेले मी."

मी जिंकलो असं मला वाटलं, तेवढ्यात ती म्हणाली, "पण हे त्यात घालू नका. मला बोललेलं सोसंल, दादांना बोललेलं न्हाई सोसायचं. आन् पुसू बी नका. हितंच ठेवा."

कमळाची कॅसेट घेऊन ती गेली. मी हायवेवर जाऊन उभा राहिलो, पण कोण बरोबर होतं याचं उत्तर तिथंही सापडेना.

पुढच्या खेपेला ती वडलांनाच घेऊन आली. बटाट्याचं बेणं घ्यायला ते मंचरला आले होते. ते स्टुलावर अवघडून बसले. टेप लागली आणि ते लाजून लाल झाले. "बनियनवर काढलाय की राव! सदरा तरी घालाया सांगायचं."

माझं तोंडच उतरलं. एवढं भांडताना या माणसाला काय वाटेल हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "खरंय भाऊ," मी म्हणालो. "नव्हतंच काढायला पाहिजे असं."

भागीदार उसळला. "का म्हून? सदरा घालून चुलीम्होरं कोण बसतं? ह्यानं खरं काढलंय, भाऊ."

"तूच कापलं होतंस!"

"सासरसाठी कापलं. खोटं म्हणून न्हाई!"

"अरे, त्यांना लाज वाटतेय, दिसत नाही तुला?"

त्याची वाक्यं मी बोलत होतो, माझी तो, आणि दोघंही तितक्याच तावातावानं. वडील एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग टोपी हातात फिरवत हळूच म्हणाले, "पावणं, एक इचारू का? अक्षता पडल्या तवा पोरगी कशी दिसत व्हती? मला तिथनं दिसलीच न्हाई. म्होरं समदी उभी व्हती."

कमळाच्या कॅसेटची एक प्रत दुकानात होती. भागीदारानं ती लावली. हिंदी गाणं सुरू झालं, मुंडावळ्या बांधलेला तिचा चेहरा कमळात गरगर फिरायला लागला. मुलगी जमिनीकडे बघत होती. वडलांनी टॉवेल डोळ्यांना लावला, पटकन काढला, उगाच काही निसटायला नको म्हणून.

मी दाराकडे गेलो नाही. ते गाणं मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

"परत एकदा लावता का?" ते म्हणाले.

भागीदार उठायच्या आत मीच उठलो.